शनिवारचं शिसं

हिंगोलीची हवा मोजायची तर मशीन ठेवायला गच्ची लागते, आणि गच्ची मागायला गेलं की लोकांना शंभर शंका येतात. साधनाला त्या सगळ्या तोंडपाठ झाल्या होत्या. हा मोबाईलचा टॉवर आहे का? याने डोकं धरतं का? आत कॅमेरा तर नाही ना? एका घरच्या म्हाताऱ्याने तर तिला सरळ विचारलं, "हवा मोजून काय करनार बाई? कमी भरली तर दुसरी आनून देनार का?"

साधना हसली आणि पुढच्या घराकडे वळली. चिडून उपयोग नव्हता. ती साखरा गावची, मेंढरं राखणाऱ्या मुंजाजीची लेक. 'तुमच्या वावरात आमची मेंढरं बसू द्या' असं दारोदार विचारण्यात बापाचं निम्मं आयुष्य गेलेलं तिने पाहिलं होतं, त्यामुळे नकार कसा पचवायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती नांदेडला दत्तप्रसाद सरांच्या प्रयोगशाळेत लागली होती, आणि दसरा झाल्यावर तिच्यावर हिंगोलीतल्या तीन गच्च्या सांभाळायचं काम आलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. मशीन चोवीस तास हवा ओढतं, हवेतली बारीक धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसते, तो कागद प्रयोगशाळेत न्यायचा आणि धुळीत कोणकोणते धातू आहेत ते बघायचं. मग खरा प्रश्न यायचा, हे धातू आले कुठून? धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. टायर झिजतो त्यातून जस्त येतं, ब्रेक दाबला की तांब्याचे कण उडतात, रस्त्याकडेच्या मातीतून लोखंड येतं. दत्तप्रसाद सरांचं म्हणणं असं की कुठलाही धातू सहसा एकटा फिरत नाही, आपले सोबती घेऊन येतो. सोबती ओळखले की त्याचं घर सापडतं.

पहिल्या दोन गच्च्या कशाबशा मिळाल्या. तिसरी मात्र मागितल्याबरोबर मिळाली. बसस्टँडमागच्या गल्लीत प्रभूचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या, चार्ज करून द्यायच्या. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. प्रभूने हातातला पाना खाली ठेवला, साधनाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठेवा की ताई. वाळवन घालायचं सोडलं तर गच्ची रिकामीच ऱ्हाते."

प्रभूची आई पंचफुलाबाई जिन्यात उभी राहून ऐकत होती. नवऱ्यामागे मेंढरं घेऊन चाळीस वर्षं रानोमाळ हिंडलेली बाई. नवरा गेला, मेंढरं विकली गेली, आणि ती लेकाकडे शहरात येऊन राहिली. तिने एकच गोष्ट विचारली.

"हे रातभर चालू ऱ्हातं?"

"व्हय आजी. पूर्ण चोवीस तास."

"झोपत न्हाई?"

"न्हाई."

"मंग लई कामाचं हाय," असं म्हणून पंचफुलाबाईने मशीनकडे आदराने पाहिलं. "जागल्याच म्हनायचा ह्याला."

रानात मेंढरांभोवती जाळं लावून मुक्काम पडला की रात्रभर जागून राखण करतो तो जागल्या. साधनाच्या बापाने ते काम जन्मभर केलं होतं, त्यामुळे तिला ते नाव ऐकून बरंच वाटलं. तिने मशीन बसवलं आणि बजावून सांगितलं, "आजी, याला कुणी म्हणजे कुणी हात लावायचा न्हाई. सुकन्यालाबी वर येऊ द्यायचं न्हाई एकटीला." सुकन्या म्हणजे प्रभूची चार वर्षांची पोरगी, आणि ती तेव्हाच मशीनची तंगडी धरून उभी होती. पंचफुलाबाईने चटकन मान डोलावली. इतकी चटकन की धनगराच्या घरात वाढलेल्या साधनाला तिथेच शंका यायला हवी होती. आली नाही. शिकलेल्या माणसाचं असं होतं कधी कधी.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साधना नवा कागद लावायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढायला यायची. संध्याकाळच्या अंधुक उजेडात धुळीने काळवंडलेला कागद चिमट्याने उचलायचा, पाकिटात घालायचा, वर तारीख लिहायची. तोवर खालून हाक यायची, "पोरी, च्या झाला गं!" कधी चहासोबत भाकरी आणि ठेचा यायचा, आणि नाही म्हटलं तर पंचफुलाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. महिन्याभरात ते घर साधनाला आपलं वाटायला लागलं.

पहिला अहवाल डिसेंबरच्या शेवटी आला. त्यात चार-पाचच धातू मोजलेले होते, बाकीचे पुढच्या खेपेला मोजायचे होते. पहिल्या दोन गच्च्यांवर विशेष काही नव्हतं. तिसऱ्या गच्चीवर मंगळवार-बुधवारच्या कागदांत शिसं नावापुरतं, आणि शनिवारच्या कागदांत भरपूर. एका शनिवारी नाही, सगळ्या शनिवारी. साधनाने तो आकडा पाहिला आणि तिच्या डोळ्यांपुढे खालचं दुकान आलं. बॅटरीत शिसं असतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल. शनिवारी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असायची, कारण रविवारी प्रभू दुकान बंद ठेवायचा. तिने दोन आणि दोन चार केले.

इथवरही ठीक होतं. पण त्या दिवशी कागद काढून ती खाली आली, तर चहाच्या टपरीवर भागवत गुरुजी बसलेले होते. निवृत्त शिक्षक, गल्लीतल्या मारुतीच्या पाराचे कारभारी, आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीची काळजी करणारे. त्यांनी विचारलं, "काय म्हणते आमची हवा, ताई?" साधनाला नव्या अहवालाचा उत्साह आवरला नाही. गुरुजी शिकलेले, त्यांना कळेल, असं तिला वाटलं.

"बाकी ठीक आहे गुरुजी, पण शिसं जास्त आहे. शनिवारी तर फारच. आता बॅटऱ्यांमध्ये शिसंच असतं ना…"

ती बोलून गेली आणि बसमध्ये बसलीसुद्धा. गल्लीत तिचं वाक्य मागे राहिलं आणि आठ दिवसांत फुगून दारोदार फिरलं. प्रभू चोरून शिसं वितळवतो. प्रभूच्या दुकानामुळे पोरांची डोकी मंद होतात. अमक्याचा नातू परीक्षेत नापास झाला तो त्यामुळेच. तो नातू त्याआधीही दोनदा नापास झाला होता, पण ते कुणी आठवलं नाही.

मकरसंक्रांतीपर्यंत गिऱ्हाइकं तुटली. गुरुजींनी नगर परिषदेला द्यायचा अर्ज लिहिला, त्यावर साठेक सह्या झाल्या. अर्ज देण्याआधी त्यांनी प्रभूला घरी बोलावून समजुतीने सांगितलं की होळीपर्यंत दुकान हलव, म्हणजे अर्ज द्यायची वेळ येणार नाही. हलवायचं म्हणजे कुठे? दुसरी जागा नव्हती, दुसरा धंदा येत नव्हता. आणि सुकन्याशी खेळायला शेजारची लेकरं येईनाशी झाली.

साधनाला हे कळलं तेव्हा ती तडक दुकानात गेली. ती प्रभूपुढे जाऊन उभी राहिली. रिकाम्या दुकानात प्रभू बॅटरीचं टोपण पुसत बसला होता.

"तुमच्या मशीनीनं सांगितलं ते बराबरच असंल, ताई," तो म्हणाला. "पन म्या शिसं कधी वितळवलं न्हाई. जुन्या बॅटऱ्या गाडीत भरून हाये तशा पाठवतो. लेकीची आन."

"प्रभूदादा, मशीन काढून नेऊ का मी?"

"काहून? ऱ्हाऊ द्या. आता काढलं तर लोक म्हनतील, ह्यानं भिऊन काढाया लावलं."

तो ओरडला असता तर साधनाला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही, आणि वरून पंचफुलाबाईने नेहमीसारखी हाक मारली, "पोरी, च्या झाला गं." त्या दिवशी साधनाने तो चहा तसाच ठेवला. आपल्या जिभेने एका घराचं वाटोळं होऊन राहिलंय आणि ते घर आपल्याला चहा पाजतंय, ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. होळीला दीड महिना उरला होता.

फेब्रुवारीत दुसरा अहवाल आला, या वेळी सगळ्या धातूंचा. साधनाने आधी शनिवारचे रकाने उघडले आणि चक्रावली. जानेवारीत शिसं दुप्पट झालं होतं. दुकानात माशी फिरकत नव्हती, आणि शिसं दुप्पट!

ती कागद घेऊन सरांकडे गेली. दत्तप्रसाद सर बोलायला कंजूस. त्यांनी चष्मा वर केला, बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर नेलं आणि विचारलं, "अँटिमनी कुठं आहे?"

"जवळजवळ नाहीच, सर."

"जुन्या बॅटरीच्या पट्ट्या कडक व्हाव्यात म्हणून शिशात अँटिमनी घालतात. बॅटरीतलं शिसं उडालं तर त्याच्यासोबत तीही उडायला पाहिजे. तुमच्या शनिवारच्या शिशाचा सोबती कुठं आहे?"

साधना तडक हिंगोलीला आली आणि प्रभूकडे जुन्या बॅटरीची एक पट्टी मागितली. "न्या," तो म्हणाला, "आता काय ऱ्हायलं?" तिने पट्टी कागदात गुंडाळून नांदेडला नेली आणि तपासली. पट्टीत अँटिमनी होती. बुधवारच्या कागदांवर जे किंचित शिसं होतं, त्याच्यासोबतही तेवढ्याच मापात अँटिमनी होती. म्हणजे प्रभूच्या दुकानातून उडत होतं ते एवढंसंच, मर्यादेच्या कितीतरी खाली. शनिवारी अँटिमनी तेवढीच होती, वाढलेलं शिसं मात्र एकटं येत होतं. ते प्रभूचं नव्हतंच.

साधनाला इतका आनंद झाला की प्रयोगशाळेत एकटीच असताना तिने टेबलावर थाप मारली. दुसऱ्या क्षणी तिचा आनंद मावळला. 'प्रभूचं नाही' एवढ्यावर गल्ली ऐकणार नव्हती. मग कुणाचं, हे सांगावं लागणार होतं. शनिवारी त्या गच्चीवर असं काय घडतं, जे ती संध्याकाळी जाते तेव्हा उरलेलं नसतं?

त्या शुक्रवारी कागद लावून ती नांदेडला परतली नाही. हिंगोलीतल्या मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी, उन्हं कोवळी असतानाच, प्रभूच्या घरी गेली. प्रभूची बायको अंगणवाडीत कामाला गेली होती, प्रभू दुकान झाडत होता. साधना चप्पल खाली काढून जिना चढली.

गच्चीवर मशीन शेंदराने माखलेलं होतं. वरची टोपी, तिन्ही पाय, पुढचं झाकण, सगळं नारिंगी. त्याच्यापुढे पंचफुलाबाई उकिडवी बसली होती. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडीतला कोरडा शेंदूर ती चिमटीने उचलत होती आणि टोपीखालच्या फटीत, नेमका मशीन जिथून हवा ओढतं तिथे, सोडत होती. नैवेद्य दाखवावा तशी. वाऱ्याने अर्धा उडत होता, अर्धा मशीन खात होतं. शेजारी सुकन्या मांडी घालून बसली होती. तिची बोटं नारिंगी होती आणि ओठांच्या कडाही.

"जागल्या, खरं काय ते सांग बाबा," पंचफुलाबाई मशीनला म्हणत होती. "माह्या प्रभूनं काईच केलं न्हाई. तू रातभर जागतूस, तुला समदं दिसतं. तू सांगशील तर लोक ऐकतील."

साधनाचे पाय तिथेच थबकले. हसावं की रडावं हे तिला कळेना. तिने आधी जाऊन सुकन्याला उचललं, गच्चीच्या टाकीपाशी नेलं आणि साबण लावून तिचे हात आणि तोंड दोन-दोनदा धुतलं. पंचफुलाबाई चोरी पकडल्यासारखी उठून उभी राहिली.

"तू हात लावू नको म्हनली व्हतीस," ती खालमानेने म्हणाली. "पन पोरी, आमच्यात मुक्काम पडला की राखन करनाऱ्याला शनवारी शेंदूर लावायचा. जाळ्याच्या तोंडाच्या खुंट्याला लावायचा, काठीला लावायचा, कुत्र्याच्या पट्ट्यालाबी लावायचा. जो जागतो त्याला. हे तर येकटं जागतं, उन्हातान्हात. ह्याला काहून लावायचा न्हाई? तुला वंगाळ वाटू नये म्हनून दुपारी पुसून टाकते म्या."

"दर शनिवारी, आजी?"

"पयल्यापास्नं. आन लोक प्रभूला बोलाया लागल्यापास्नं जास्ती लावते. दोन पुड्या."

साधनाने डोळे मिटले. जानेवारीतला दुप्पट आकडा तिला समजला. ती खाली बसली, पंचफुलाबाईचा हात धरून तिलाही बसवलं.

"आजी, शेंदूर कशाचा करतात?"

"देवाचा असतो."

"शिशाचा करतात, आजी. बाजारात मिळतो तो बराचसा शिशापासूनच केलेला असतो. मशीनने खरंच सांगितलं. तुम्ही चिमटीने जे घातलं ते त्याने सांगितलं, आणि मी ते प्रभूदादाचं समजले."

पंचफुलाबाईने पुडी खाली ठेवली. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, मग सुकन्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हंजे माह्या लेकरावर बालंट म्याच आनलं?"

"न्हाई," साधना म्हणाली. "बालंट मी आणलं, आजी. तुम्ही फक्त शेंदूर लावला. अर्धवट कागद वाचून टपरीवर तोंड मी उघडलं."

दोघींनी मिळून मशीन ओल्या फडक्याने पुसलं, फडकं पिशवीत बांधून बाजूला ठेवलं, गच्ची धुतली. मग साधनाने सरांना फोन लावला. सर म्हणाले की ते सगळे शनिवार दूषित नमुने म्हणून अहवालातून वगळून टाका, विषय संपला. सरांच्या दृष्टीने संपला होता. अहवालात 'दूषित' लिहिलं की कुणाचंही नाव यायचं कारण नव्हतं. पण गल्ली काही अहवाल वाचत नव्हती. गल्लीने टपरीवर ऐकलं होतं, तर टपरीवरच सांगायला हवं होतं.

"उद्या मी सगळ्यांना सांगते," ती पंचफुलाबाईला म्हणाली. "तुमचं नाव घेत न्हाई."

रविवारी सकाळी टपरीपुढे पंचवीस-तीस माणसं जमली. काही चहाला आली होती, काही तमाशा बघायला. भागवत गुरुजी खुर्चीवर होते. प्रभू आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता, मान खाली घालून. मेंढरं बसू द्या म्हणून मागायला जाताना बाप काय करायचा, ते साधनाला आठवलं. तो आधी हात जोडायचा. तिने हात जोडले.

"मी चुकले," ती म्हणाली. "डिसेंबरात मी इथं बसून जे बोलले ते अर्धवट होतं. प्रभूदादाच्या बॅटरीतलं शिसं वेगळं असतं, त्याच्यात अँटिमनी नावाचा दुसरा धातू असतो. शनिवारच्या धुळीत तो नावापुरताच आहे. मी दोन्ही तपासलंय, कागद माझ्याजवळ आहेत. शिसं प्रभूदादाच्या दुकानातलं नाही. तुम्ही याला दुकान हलवायला सांगितलं ते माझ्यामुळे. शिक्षा द्यायची तर मला द्या."

गुरुजींनी घसा खाकरला. "ताई, चूक कबूल केली हे चांगलं. पण मग शिसं आलं कुठून? त्याचं नाव तर असेलच ना?"

"गच्चीवरच्या एका वस्तूतून."

"कुठल्या?"

साधनाने नाही अशी मान हलवली. लोकांत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं की पोरीला प्रभूने फितवलं दिसतंय. प्रभूने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. झालं, सगळं हातातून निसटलं, असं साधनाला वाटलं.

तेवढ्यात जिन्यावरून पंचफुलाबाई खाली आली. डोक्यावर पदर, हातात कागदाची पुडी. ती माणसांतून वाट काढत आली आणि तिने पुडी टपरीच्या फळीवर ठेवली.

"ह्याच्यातून आलं," ती म्हणाली. "म्या लावला. दर शनवारी मशीनीला शेंदूर लावला म्या. पोरगी माह्यासाठी तोंड बांधून उभी हाय. ह्या शेंदरात शिसं असतंय म्हनं. मला काय म्हाईत? माह्या सासूला म्हाईत नव्हतं, तिच्या सासूला म्हाईत नव्हतं. पन माह्या नातीनं ती बोटं तोंडात घातली. तुमच्या घरीबी लेकरं हायेत. त्यांच्यासाठी सांगून राहिले. माह्यासाठी न्हाई."

सगळ्यात आधी प्रभू हलला. तो पायरीवरून उठला, आईजवळ आला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू फुटलं.

"माय, म्हंजे तू मशीनीला लाच देऊन राहिली व्हतीस व्हय?"

आधी टपरीवाला हसला, मग बाकीचे. पंचफुलाबाईने लेकाच्या पाठीत धपाटा घातला आणि पदराने डोळे पुसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते पुडीकडे टक लावून बघत होते.

"पारावरच्या मारुतीला दर शनिवारी मीच शेंदूर लावतो," ते हळू आवाजात म्हणाले. "नातू पुडी धरून बसतो. पाच वर्षांचा आहे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ताई, रक्तात शिसं आहे का ते कुठं तपासता येतं?"

"मी विचारून ठेवलंय, गुरुजी. सुकन्याला उद्या नेणारच आहे."

"मग दोघांना मिळून नेऊ." गुरुजी उठले. खिशातून त्यांनी साठ सह्यांचा अर्ज काढला आणि प्रभूच्या हातात दिला. "मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलं की गणिताचा ताळा केल्याशिवाय उत्तर लिहू नये. आणि मी स्वतः ताळा न करता सह्या गोळा केल्या. मला माफ कर, प्रभू."

प्रभूने अर्ज घेतला, चौपदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. फाडला नाही. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. उद्या नेहमीवानी दुकान उघडतो," एवढंच तो म्हणाला.

सुकन्याच्या रक्तात शिसं निघालं. फार नाही, पण असायला नको तितकं. डॉक्टर म्हणाले की शेंदूर बंद, हात धुवायची सवय लावा, दूध-भाजी पोटभर द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. गुरुजींच्या नातवाचंही तेच निघालं. त्या दिवसापासून पारावरच्या मारुतीला नुसतं तेल आणि रुईची माळ जायला लागली. दोघा-तिघांनी नाकं मुरडली, तर गुरुजींनी त्यांना छडी उगारावी तशा आवाजात गप्प केलं. देव काही रागावल्याचं कुणाच्या कानावर आलं नाही.

बुधवारच्या कागदांवरचं ते एवढंसं शिसं प्रभूचंच होतं, हे साधनाने त्याला लपवलं नाही. होळीच्या आत त्याने दुकानात जुन्या बॅटऱ्यांसाठी झाकणाचा पिंप आणला आणि कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं मारायला लागला. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. शेजारची लेकरं मात्र दुसऱ्याच दिवशी परतली, मोठ्यांना लागतो तेवढा वेळ त्यांना लागत नाही.

मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन निकाल आले. सुकन्याच्या रक्तातलं शिसं जवळजवळ निम्म्यावर उतरलं होतं. आणि शनिवारच्या कागदांवरचं शिसं इतकं कमी होतं की सरांनी रकाना दोनदा तपासला. साधना त्यांच्यासमोर बसून हसू दाबायचा प्रयत्न करत होती. तिला हिंगोलीला पळत जावंसं वाटत होतं.

सरांनी मात्र चष्मा वर केला. "हे काय? शनिवारी लोखंड वाढलंय. बाकीच्या दिवशी नाही. मार्चपासून दर शनिवारी. कुठून आलं असेल?"

साधनाने रकाना पाहिला. शनिवारी लोखंड. नारिंगी नाही, तांबूस. तिला प्रभूच्या घराचा उंबरठा आठवला, आणि उंबरठ्यामागच्या कोनाड्यात ठेवलेला गेरूचा खडा. गेरूत लोखंडच असतं. ती खुर्चीतून उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आजी, जागल्याला गेरू लावता व्हय?"

पलीकडून पंचफुलाबाईचा दबका आवाज आला.

"मशीनीला हात न्हाई लावला म्या. बाजूच्या दगडाला भुकटी लावते, दुपारी धुवून टाकते. गेरू चालतो म्हनून गुरुजींना इचारून लावला. तुला कोनं सांगितलं?"

"जागल्यानं सांगितलं."

"बघ," पंचफुलाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की साधनाला व्हरांड्यात एकटीलाच हसू आणि रडू एकदम आलं. "म्या तवाच म्हनलं व्हतं. त्यो खरं सांगतो. तुमाला ऐकाया येळ लागतो."